तांब्याच्या तारेची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला होता. आरोपी होती एक निळी तार. बैठकीच्या खोलींतून आंतल्या खोलीपर्यंत संगणकासाठीं तांब्याची नवी तार ओढली गेली, दोन्ही टोकांना सांधे बसले, आणि ज्या तरुण कारागिरानें हें काम केलें त्यानें आपलें हातांत मावणारें तपासणीयंत्र तिला लावून पाहिलें. यंत्राच्या तोंडावर तांबडीं अक्षरें उमटलीं : ‘फेल’. “काका, केबलच खराब निघाली,” असें म्हणून तो नवें वेटोळें आणावयास गेला. दुसरी तार आली, ओढली गेली, आणि तिलाहि तोच निकाल मिळाला. तिसऱ्या दिवशीं त्याचे वयस्क उस्ताद आले. त्यांनीं भिंतीकडे पाहिलें नाहीं कीं तारेकडे पाहिलें नाहीं. यंत्राबरोबर असलेली हातभर लांबीची जोडतार त्यांनीं काढली, तिचें झिजलेलें टोक चष्मा वर करून न्याहाळलें, पिशवींतून दुसरी जोडतार काढून लावली, आणि ती पहिलीच तार निर्दोष सुटली! साक्षीदारच खोटा होता. आणि त्याच्या साक्षीवर दोन निरपराध तारा शिक्षा भोगून बसल्या होत्या.

चहा घेतां घेतां उस्तादांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. या तारेच्या पोटांत आठ तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या एकमेकींना पीळ देऊन वळलेल्या असतात. पीळ देण्याची ही युक्ति टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांची. तिचें पेटंट त्यांनीं १८८१ सालीं घेतलें. पीळ असला म्हणजे एका जोडींतील बोलणें शेजारच्या जोडींत पाझरत नाहीं. आतां एखाद्या कारागिरानें चुकून एका जोडींतील एक तार व दुसऱ्या जोडींतील एक तार यांची जोडी लावली, आणि तीच चूक दुसऱ्या टोकालाहि केली, तर काय होतें? आठहि तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. साधें यंत्र लावलें तर आठहि दिवे लागतात. परंतु काम मात्र नीट चालत नाहीं. “वीज जाते, पण बोलणें जात नाहीं,” उस्ताद म्हणाले.

हें वाक्य ऐकलें आणि माझें मन एकदम सुमारे पावणेदोनशे वर्षें मागें गेलें. कारण नेमक्या याच वाक्यावर एका महासागराच्या दोन्ही तीरांना एक मोठा वाद झाला होता, आणि साडेतीन लक्ष पौंडांचें भांडवल त्या वादांत समुद्राच्या तळाशीं गेलें होतें. तांब्याची तार तपासणींत नापास झाली तर संशय प्रथम कोणावर घ्यावा, हें माणूस कसा शिकला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८५६ सालीं सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याच्या खटपटीनें इंग्लंडांत अटलांटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळावरून तारायंत्राची तार टाकावयाची असा तिचा संकल्प. तार अडीच हजार मैल तयार करावयाची, आणि तीहि कांहीं महिन्यांत. तिचा गाभा म्हणजे सात पदरी तांब्याची तार, दर सागरी मैलास वजन १०७ पौंड. तिच्यावर गटापर्च्याचीं तीन पुटें. आणि त्यावर लोखंडी तारांचें चिलखत. घाई इतकी कीं अर्धी तार ग्रीनिच येथें व अर्धी बर्कनहेड येथें वळली गेली, आणि दोन्ही कारखान्यांनीं लोखंडाचे पीळ एकमेकांच्या उलट दिशेनें दिले, हें पुष्कळ उशिरां कोणाच्या तरी ध्यानांत आलें! शिवाय तयार झालेलीं वेटोळीं उन्हाळ्याच्या उन्हांत उघड्यावर पडून राहिलीं, आणि मऊ झालेल्या गटापर्च्यांत तांबें कोठें कोठें मध्यापासून सरकलें.

या कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे गृहस्थ मूळचे शस्त्रवैद्य. हौसेनें विजेच्या नादीं लागलेले, हाताचे कसबी आणि मताचे अत्यंत हट्टी. संचालक मंडळांत ग्लासगोचे एक तरुण प्राध्यापक होते, विल्यम टॉमसन. पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगाला ठाऊक झाले ते हेच. टॉमसन यांनीं गणितानें दाखविलें होतें कीं, लांब समुद्रतारेंत संकेत पोंचावयास लागणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे तार दुप्पट लांब केली तर विलंब चौपट. यावर उपाय एकच : तांबें जाड व चांगलें घ्या, गटापर्चा भरपूर घाला. व्हाइटहाउस यांनीं स्वतः प्रयोग करून, असा कांहीं नियमच नाहीं, असें जाहीर करून टाकलें. पैसे वांचविणारें मत कंपन्यांना नेहमींच अधिक शास्त्रीय वाटतें. तार बारीकच राहिली.

पण टॉमसन स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनीं निरनिराळ्या ठिकाणच्या तांब्याच्या तारांचे तुकडे मागवून त्यांची वाहकता मोजली, आणि जें दिसलें तें १८५७ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. तोंपर्यंत सर्वांची अशी समजूत होती कीं तांबें तें तांबें. त्यांत डावें उजवें काय असणार? टॉमसन यांना आढळलें कीं, डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या, सारख्या जाडीच्या तारांच्या वाहकतेंत जवळ जवळ दुपटीचा फरक पडतो. मग त्यांनीं हट्ट धरला कीं, पुढील तांबें कसोटीला लावल्यावांचून घेऊं नये. कारखानदारांनीं प्रथम नाकें मुरडलीं आणि मग किंमत वाढवून मागितली. पण तांब्याची विजेच्या कसोटीवर परीक्षा करून तें विकत घेण्याचा प्रघात येथून पडला.

हा फरक कशामुळें पडतो याचा उलगडा पुढें थोड्याच वर्षांत ऑगस्टस मॅथिसन या रसायनशास्त्रज्ञानें केला. तांब्यांत आर्सेनिक अगदीं किंचित राहिलें तरी वाहकता कोसळते. शुद्ध तांब्याची वाहकता शंभर मानली तर ऑस्ट्रेलियांतील बरा बरा खाणीच्या तांब्याची सुमारे ८८ भरली, आणि स्पेनमधील रिओ टिंटो येथील तांब्याची अवघी १४. भांड्याला कल्हई लावतांना दोन्हीं सारखींच. पण एकानें बोलणें जाईल आणि दुसऱ्यानें जाणार नाहीं.

१८५७ सालचा पहिला प्रयत्न तार तुटून फसला. पुढच्या वर्षींच्या उन्हाळ्यांतील पहिल्या प्रयत्नांचीहि तीच गत झाली. परंतु ५ ऑगस्ट १८५८ रोजीं ‘अ‍ॅगमेम्नॉन’ व ‘नायगारा’ या दोन जहाजांनीं तारेचीं दोन्ही टोकें दोन्ही किनाऱ्यांना पोंचविलीं. तोफा झडल्या, दीपोत्सव झाले. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश गेला. संदेश ९८ शब्दांचा. जावयास लागले सुमारे सोळा तास!

आतां या तारेची नाडी कोणी पाहावयाची? व्हॅलेन्शिया या आयरिश बेटावर टॉमसन यांनीं आपलें आरशाचें गॅल्व्हनोमीटर मांडलें होतें. रेशमाच्या धाग्याला टांगलेला गुंजेहून हलका आरसा, त्याच्या पाठीस चिकटविलेले इवलेसे चुंबक, आणि आरशावरून परावर्तित होऊन पट्टीवर पडणारा दिव्याचा कवडसा. क्षीणांतला क्षीण प्रवाह आला तरी कवडसा डावीउजवीकडे सरके. तारेंतून येणारे शब्द प्रत्यक्षांत याच यंत्रावर वाचले जात होते. व्हाइटहाउस यांना मात्र स्वतःचें लेखनयंत्रच चालावयास हवें होतें. तें दूरचे क्षीण संकेत ग्रहण करीना, तेव्हां आरशावर वाचलेला मजकूर पुन्हा त्या यंत्रावर उमटवून तो कंपनीकडे पाठविला जाई. आणि संकेत दुबळे येतात म्हणून त्यांनीं पांच फूट लांबीचीं प्रवर्तन-वेटोळीं लावून सुमारे दोन हजार व्होल्टांचे धक्के त्या तारेंत लोटावयास आरंभ केला. रोगी कण्हतो म्हणून त्याच्या कानाशीं ढोल बडवावा, त्यांतलाच हा प्रकार.

तार झपाट्यानें बिघडूं लागली. आणि येथें आपल्या कथेंतला खरा प्रश्न उभा राहिला : दोष आहे कोठें? व्हाइटहाउस म्हणाले, इथेंच, बंदरांत, किनाऱ्यालगत. संचालकांची आज्ञा डावलून त्यांनीं बंदरांतली तार उचलावयास लावली. दोष तेथें नव्हता. कंपनीनें त्यांना त्याच महिन्यांत बडतर्फ केलें. टॉमसन व क्रॉम्वेल व्हार्ली यांनीं तारेचा रोध मोजून निदान केलें कीं, दोष किनाऱ्यापासून सुमारें अडीचशें ते तीनशें मैलांवर, खोल समुद्रांत आहे. म्हणजे तेथपर्यंत हात पोंचणें त्या काळीं शक्यच नव्हतें. सप्टेंबरच्या आरंभीं बोलणें बंद पडलें. पुढें कांहीं आठवडे अधून मधून एखादा अस्पष्ट संकेत येई, तोहि ऑक्टोबरांत थांबला.

या तारेच्या अल्पायुष्यांतली एक गोष्ट आपल्या देशाशीं निगडित आहे. सत्तावन सालच्या उठावामुळें कॅनडांतील दोन पलटणींना इंग्लंडला परतण्याचा हुकूम गेलेला होता. तोंवर उठाव ओसरला. ३१ ऑगस्ट १८५८ रोजीं, तार शेवटच्या घटका मोजीत असतां, हुकूम रद्द केल्याचा संदेश तिच्यांतून गेला आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वांचले, असा तेव्हांचा हिशेब आहे. मरणाऱ्या तारेनें जातां जातां आपल्या किंमतीचा सातवा हिस्सा असा फेडला म्हणावयाचा!

व्हाइटहाउस यांनींच तार मारली, असें पुढें सर्रास लिहिलें गेलें. मला तें अर्धेंच खरें वाटतें. उन्हांत वितळलेला गटापर्चा, मध्यापासून ढळलेलें तांबें, पाण्यांत बुडवून न तपासलेलीं वेटोळीं, हीं सारीं दोन हजार व्होल्टांच्या आधीचीं पापें होत. त्यांचा खरा अपराध निराळा. तपासणीचा निकाल आपल्या मतास प्रतिकूल आला तेव्हां त्यांनीं आपलें मत सोडून बाकी सर्वांवर संशय घेतला.

अटलांटिकच्या पाठोपाठ तांबड्या समुद्राची पाळी आली. सुएझपासून एडनमार्गें कराचीपर्यंतची तार १८५९ आणि १८६० सालीं टाकली गेली. ती तळावर ताणून टाकलेली होती. तळ उंचसखल, चिलखताच्या तारा बारीक, पाणी उष्ण. एक तुकडा दुरुस्त करावा तों दुसरा मोडे. ही तार लवकरच निरुपयोगी ठरली. सरकारनें मात्र आठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची पन्नास वर्षांची हमी देऊन ठेवली होती; तेव्हां मुक्या तारेपायीं वर्षाला छत्तीस हजार पौंड भरणें आलें.

मग मात्र सरकारचे डोळे उघडले. व्यापार खातें व अटलांटिक कंपनी यांची एक संयुक्त समिति कॅप्टन डग्लस गॉल्टन यांच्या अध्यक्षतेखालीं बसली. टॉमसन यांची साक्ष झाली, व्हाइटहाउस यांचीहि झाली. १८६१ सालीं अहवाल बाहेर पडला. तोंपर्यंत जगांत ११,३६४ मैल समुद्रतार टाकली गेली होती, आणि तींपैकीं चालू होती सुमारे तीन हजार मैल. समितीचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, समुद्र हा दोषी नव्हे; तार काळजीनें करावी, पाण्याखालीं तपासावी, काळजीनें टाकावी, म्हणजे ती टिकेल.

परंतु काळजीनें तपासावी म्हणजे कशानें? येथें एक मोठी गंमतीची अडचण होती. त्या काळीं रोध मोजावयाला सर्वमान्य मापच नव्हतें! इंग्रज कारागीर म्हणे, या दोषाचा रोध सोळा नंबरच्या तांब्याच्या तारेच्या अमुक मैलांइतका आहे. जर्मन कारागीर लोखंडी तारेचे मैल मोजी. आणि आपण आतांच पाहिलें कीं, एका खाणीचें तांबें दुसरीच्या निम्मेंहि चांगलें असेलच असें नाहीं. म्हणजे ज्या तांब्यावर संशय, त्याच तांब्याचा गज घेऊन त्यालाच मोजावयाचें. आमच्या घरच्या जोडतारेसारखीच ही गोष्ट. फक्त येथें साऱ्या युरोपची जोडतार झिजलेली होती.

१८६१ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या मँचेस्टर येथील अधिवेशनांत लॅटिमर क्लार्क व सर चार्ल्स ब्राइट या दोन तारायंत्र-अभियंत्यांनीं सुचविलें कीं, विजेच्या मापांना शास्त्रज्ञांचीं नांवें द्यावीं. त्याच वर्षीं टॉमसन यांच्या सूचनेनें प्रमाणभूत मापें ठरविण्यासाठीं एक मंडळ नेमलें गेलें. त्यांत पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल आले. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तारेचें एक वेटोळें पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांत गरगर फिरवून केवळ लांबी व काळ यांच्या आधारें रोधाचें माप काढलें, आणि १८६५ सालीं त्या मापाचीं प्रमाणभूत वेटोळीं वाटण्यांत आलीं. त्यांतूनच आजचा ओम निघाला. (पुढें लॉर्ड रॅले यांनीं फेरतपासणी केली तेव्हां हें मापहि शेंकडा एकाहून थोडें अधिक चुकलेलें निघालें!) आज शाळेंतील मुलें ओमचा नियम पाठ करतात, तेव्हां तो प्रयोगशाळेंतील शांततेंतून जन्मला असावा असें त्यांना वाटतें. पण ओम हें माप रूढ झालें तें बुडालेल्या तारांच्या हिशेबांतून.

माप हातीं आल्यावर समुद्राच्या तळाशीं असलेला दोष खोलींत बसून कसा शोधतात, तें आतां सांगतों. समजा, तुमच्या तारेच्या एका मैलाचा रोध पांच ओम आहे, हें कारखान्याच्या नोंदवहींत लिहिलेलें आहे. किनाऱ्यावरून मोजलें तर दीड हजार ओम भरले. पंधराशेंला पांचानें भागलें, तीनशें मैल झाले. इतकें सोपें असतें तर फारच बरें झालें असतें. पण तांबें जेथें उघडें पडलें तेथें पाण्यांत उतरतांना प्रवाहाला आणखी रोध होतो, आणि तोहि या पंधराशेंतच मिसळलेला असतो. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावरूनहि मोजावें लागतें, आणि दोन साक्षी ताडून पाहाव्या लागतात. जमिनीवर, जेथें एकाच मार्गानें दोन तारा जातात तेथें, दूरच्या टोकाला चांगली तार व वाईट तार एकत्र जोडून त्यांचा फेरा करतात आणि फेऱ्याच्या दोन भागांची तुलना करतात. म्हणजे गळतीचा स्वतःचा रोध हिशेबांतून आपोआप गळून पडतो. व्हार्ली यांच्या नांवाची पद्धति ती हीच. तिला लागणारी रोधांची तराजू क्रिस्टी नांवाच्या गृहस्थांनीं १८३३ सालींच सुचविली होती. व्हीटस्टन यांनीं दहा वर्षांनीं ती लोकांपुढें आणली, आणि मूळ कल्पना क्रिस्टींची असें स्वच्छ सांगितलें. तरी जग तिला व्हीटस्टनचाच सेतु म्हणतें.

आणि समुद्रांतला दोष हा मोठा बहुरूपी असतो. धन प्रवाह सोडला कीं उघड्या तांब्यावर क्षारांचें पुट चढतें आणि जखम जणुं भरून आल्यासारखी दिसते. ऋण प्रवाह सोडला कीं तें पुट निघून जातें आणि जखम पुन्हा उघडी पडते. म्हणजे तपासणाऱ्याच्या स्पर्शानेंच रोग्याचें लक्षण पालटतें. एका मापावर विसंबून जो निदान करी, तो हमखास फसे. जुने तपासनीस म्हणून मिनिटामिनिटाला आंकडे लिहून घेत आणि त्या आंकड्यांच्या चढउतारावरून दोष लहान कीं मोठा, तुटलेलें टोक कीं नुसतें छिद्र, हें ओळखीत.

ही सारी विद्या पणाला लागली ती आपल्याच समुद्रांत. १८६४ सालीं इराणच्या आखातांतून ग्वादर, मुसंडम, बुशायर व फाव अशी तार टाकण्यांत आली, आणि तिकडून तुर्कस्तानच्या भूमीवरून ती युरोपला जोडली गेली. अभियंते होते ब्राइट व क्लार्क. गटापर्च्याचा एक स्वभाव त्यांनीं नीट ध्यानीं घेतला होता : थंडींत तो विजेला पक्का अडवितो आणि उष्णता वाढली कीं ढिला पडतो. लंडनच्या गार पाण्यांत जी तार दिमाखानें उत्तीर्ण होईल ती आखातांत नापास होऊं शकेल. म्हणून त्यांनीं हुकूम केला कीं, कारखान्यांत हौदाचें पाणी ७५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवावें, त्यांत तार बुडवून ठेवावी, आणि मगच मापें घ्यावीं. आज हें साधें शहाणपण वाटतें. पण परीक्षेची खोली आणि संसाराची खोली यांचें हवामान एक असावें, हें कळावयाला दोन समुद्र खर्चीं पडले होते.

ही तार शिडांच्या पांच जहाजांतून केपला वळसा घालून मुंबईस आली. त्यांतील ‘ट्वीड’ आणि ‘असाये’ हीं जहाजें तर मुंबईच्याच गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेलीं, हिंदी आरमारांतून मोडींत निघालेलीं, सागवानी हाडाचीं. मुंबईहून आगबोटींनीं त्यांना आखातांत ओढून नेलें आणि फेब्रुवारीपासून वसंतापर्यंत तार टाकून झाली. ती चांगली टिकली. गंमत अशी कीं पुढें तक्रारी आल्या त्या जमिनीवरील तारांच्या. तुर्कस्तानांतून इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून निरोप येई तो कधीं कधीं आठवड्यानें, आणि ओळखूं न येईल अशा वेषांत!

परंतु संशय कोणावर घ्यावा या प्रश्नाची सर्वांत बोलकी कथा १८६५ सालच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरची. अटलांटिकचा हा नवा प्रयत्न होता. तार नवी, जाड तांब्याची, उत्तम तपासलेली. जुलैच्या २३ तारखेला जहाज निघालें. दुसऱ्याच दिवशीं, चौऱ्याऐंशी मैल तार टाकून झाल्यावर, गॅल्व्हनोमीटरचा कवडसा पट्टीवरून पार निघून गेला. तार उलटी ओढली. पाहतात तों लोखंडाच्या तारेचा सुमारे दोन इंचांचा तुकडा गटापर्च्यांतून आरपार तांब्याला भिडलेला! तो भाग कापून काढला आणि जहाज पुढें निघालें. २९ तारखेस, सातशें मैलांपलीकडे, पुन्हा तेंच, आणि पुन्हा तसलाच तुकडा. आतां कुजबूज सुरू झाली. दोन्ही वेळां टाकींत त्याच खलाशांची टोळी कामावर होती, असें आढळलें. हा तुकडा कोणीतरी मुद्दाम ठोकला असला पाहिजे! प्रतिस्पर्धी कंपनीनें माणूस पेरला असेल, शेअरबाजारांतील कोणी पैसे चारले असतील. माणसाच्या कल्पनेला असल्या वेळीं वाटा पुष्कळ फुटतात. टोळी बदलण्यांत आली आणि टाकीवर सभ्य गृहस्थांचे आळीपाळीनें पहारे बसले.

२ ऑगस्टला तिसऱ्यांदां कवडसा उडाला. त्या वेळीं टाकींत पहाऱ्यावर होते स्वतः सायरस फील्ड! ज्यानें आपलें सारें आयुष्य या तारेला वाहिलें, त्यावर घातपाताचा आळ कोण घेणार? मग टाकींत उरलेल्या तारेकडे लोकांनीं नीट पाहिलें. चिलखतांतल्या ठिसूळ लोखंडी तारेचें एक टोंक तुटून बाहेर आलेलें होतें. वरच्या कित्येक टन वेटोळ्यांच्या भारानें अशींच टोंकें खालच्या तारेंत रुतत होतीं. अपराध कोणाचाच नव्हता. तार स्वतःच स्वतःला टोंचीत होती. ज्या खलाशांवर जहाजभर डोळे रोखले गेले होते, त्यांना कोणी काय म्हटलें असेल नसेल. माझ्या मनांतून मात्र ती टोळी जात नाहीं. तपासणींत नापास झालेली तार घेऊन माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं, म्हणजे तारेकडे पाहावयाचें राहून जातें. त्याच दिवशीं तो तिसरा दोष काढण्यासाठीं उलटी ओढतांना तार तुटली, आणि टाकलेली सुमारे बाराशें मैल तार तळाशीं गेली.

पुढच्या वर्षीं चिलखताला जस्त चढविलेलें, कमी ठिसूळ लोखंड घेतलें आणि विलोबी स्मिथ यांनीं बसविलेल्या व्यवस्थेनें जहाज व किनारा यांना एकाच वेळीं अखंड तपासणी करतां येऊं लागली. २७ जुलै १८६६ रोजीं तार अमेरिकेस लागली. नंतर ‘ग्रेट ईस्टर्न’ मागें वळली आणि आंकडे टाकून आदल्या वर्षींची तुटलेली तार शोधूं लागली. इकडे व्हॅलेन्शियाच्या खोलींत त्या मृत तारेच्या टोकाशीं वर्षभर माणसें बसलेलीं होतीं. रोज मापें घेत, रोज लिहीत : तार तुटली आहे, पण गटापर्चा शाबूत आहे. २ सप्टेंबरच्या पहांटे त्या अंधाऱ्या खोलींत कवडसा एकाएकीं हलला, थांबला, पुन्हा हलला, आणि मग त्याच्या हालचालींतून अक्षरें जुळूं लागलीं. दोन मैल खोलीवरून तार वर आली होती आणि जहाज बोलत होतें. तेरा महिने नापास असलेल्या तारेची रोज परीक्षा घेत राहणाऱ्या त्या पहारेकऱ्यांची मला फील्डसाहेबांपेक्षांहि अधिक असूया वाटते.

हेंच जहाज, उन्हासाठीं पांढरा रंग लावून, १८७० च्या आरंभीं मुंबईच्या बंदरांत आलें आणि फेब्रुवारींत त्यानें मुंबईपासून एडनकडे तार टाकली. त्याच वर्षीं मुंबई व लंडन समुद्रमार्गानें जोडलीं गेलीं. या खेपेस सांगण्यासारखा घोटाळा कांहीं झाला नाहीं, म्हणून इतिहासकार त्यावर चार ओळी लिहून पुढें जातात.

विलोबी स्मिथ यांची मात्र एक गोष्ट अजून राहिली. तार टाकतांना अखंड तपासणी करावयाची तर किनाऱ्यावर फार मोठ्या रोधाची जरूर लागे. त्यासाठीं त्यांनीं सेलेनियम या पदार्थाच्या बारीक कांड्या कांचेच्या नळ्यांत बंद करून वापरून पाहिल्या. रोध भरपूर होता. पण मापें जुळेनात. आज एक आंकडा, उद्यां दुसरा. एका मदतनिसाला एक, दुसऱ्याला भलताच. येथें व्हाइटहाउस असते तर त्यांनीं मदतनिसाला काढून टाकलें असतें. स्मिथ यांनीं कांड्याच तपासावयास घेतल्या. सरकत्या झांकणाच्या पेटींत त्या ठेवल्या, झांकण बंद असतांना रोध मोजला. तो स्थिर होता. झांकण सरकविलें, आणि त्याच क्षणीं वाहकता वाढली. कोठें शेंकडा पंधरा, तर कोठें शेंकडा शंभर. ऊब म्हणावी तर तींहि नव्हती. नुसता उजेड पडत होता. फेब्रुवारी १८७३ मध्यें त्यांनीं ही हकीकत पत्रानें लॅटिमर क्लार्क यांना कळविली. प्रकाशानें विजेची वाट उघडते हें जगाला कळलें तें असें, आणि प्रकाश मोजणारीं यंत्रें व दूरचित्राच्या पहिल्या कल्पना त्यानंतर याच धातुसदृश पदार्थाच्या आधारानें निघाल्या. स्मिथ यांना त्या दिवशीं हवा होता तो फक्त एक न बदलणारा रोध. तो मात्र सेलेनियमनें त्यांना दिला नाहीं.